कंपाऊंड बोची स्ट्रिंग: घरी काय करावं आणि कुठे हात आखडता घ्यावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अकरावीत आहे, दीड वर्षापूर्वी कंपाऊंड बो (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) घेतला, रोज शंभरेक बाण मारते. स्ट्रिंगवर पांढरे बारीक तंतू दिसू लागलेत, मधल्या सर्व्हिंगमध्ये (स्ट्रिंगवर गुंडाळलेल्या दोऱ्याच्या थरात) फट पडली आहे, डी-लूप (स्ट्रिंग खेचायला धरतात तो दोरीचा छोटा फासा) थोडा सरकतो. बो दुरुस्त करणारं जवळचं ठिकाण जिल्ह्याबाहेर आहे. यातलं घरी काय करता येईल? स्ट्रिंग काढून धुतली तर चालेल का? एखादा धागा तुटलाच असेल तर गाठ मारून भागेल का?

शेवटच्या दोन शंका आधी घेतो, कारण त्यात जिवाशी गाठ आहे. स्ट्रिंग काढू नका. धाग्याला गाठ मारू नका. बाकी तुम्ही लिहिलेलं सगळं घरच्या टेबलावर होण्यासारखं आहे, आणि शांतपणे केलं तर दुकानाइतकंच चांगलं होतं.

रिकर्व्ह, म्हणजे चाकं नसलेल्या, बोची दोरी आपण रोज चढवतो, रोज उतरवतो. त्या सवयीमुळे कंपाऊंडचीही तशीच उतरवता येईल असं वाटतं. पण कंपाऊंडची लिंब्स, म्हणजे वरच्या-खालच्या लवचीक पट्ट्या, बो नुसता भिंतीला टांगलेला असतानाही ताणात वाकलेली असतात, आणि तो ताण स्ट्रिंग व केबल्सनी (कॅमना जोडणाऱ्या बाकीच्या दोऱ्यांनी) धरून ठेवलेला असतो. यातलं एक टोक कॅमवरून, म्हणजे लिंबच्या टोकावरच्या चाकावरून, सुटलं की तो ताण एका क्षणात मोकळा होतो. म्हणून स्ट्रिंग काढायची तर बो प्रेस, म्हणजे लिंब्स दाबून धरणारं यंत्र, लागते, आणि तीही तुमच्या लिंब्सच्या आकाराला चालणारी. आजची बरीचशी लिंब्स जवळजवळ आडवी असतात, त्यांना जुन्या पद्धतीची प्रेस चुकीच्या जागी दाब देते आणि लिंब चिरते. दोघांनी मिळून लिंब्स दाबून धरायची, गाडीचा जॅक लावायचा, लिंब बोल्ट पूर्ण ढिले करायचे, असले उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका. बोल्ट किती फेरे ढिला करायचा याची मर्यादा बोच्या पुस्तिकेत असते, आणि त्या मर्यादेत स्ट्रिंग निघण्याइतकी ढिली होत नाही.

आता पांढऱ्या तंतूंकडे येऊ. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. कंपाऊंडची स्ट्रिंग साधारण वीस ते अठ्ठावीस धाग्यांची असते. बऱ्याच स्ट्रिंग्जमध्ये चोवीस असतात. यातला प्रत्येक धागा पुन्हा केसाहून बारीक अशा शेकडो तंतूंचा बनलेला असतो. स्ट्रिंगवर लव आल्यासारखी दिसते ती या तंतूंची. घर्षणाने वरचे काही तंतू सुटतात, वॅक्स कमी झालं की ते जास्त दिसतात. याला उपाय आहे. पण अख्खा धागा कापला गेला असेल, कुठेतरी एक टोक सुटून वर आलं असेल किंवा एक धागा बाकीच्यांपासून सैल पडून लोंबत असेल, तर ती स्ट्रिंग संपली. तेवीस धागे अजून शाबूत आहेत असा हिशेब करू नका. गाठीच्या जागी धागा जाड होतो, त्याची लांबी बदलते, आणि चोवीस जणांनी सारखं उचललेलं ओझं मग मूठभर धाग्यांवर येतं. बाण सोडताना स्ट्रिंग तुटली तर बाणात जायची शक्ती उलटी लिंब्स आणि कॅममध्ये जाते. स्ट्रिंगचे काही हजार वाचवायला जाऊन बो गमावायची वेळ येते, आणि धनुर्धराच्या हाताला आणि चेहऱ्याला इजा होते ती वेगळीच.

तेव्हा पहिलं काम तपासणीचं. बो चांगल्या उजेडात आडवा ठेवा आणि कापसाचा बोळा स्ट्रिंग आणि दोन्ही केबल्सवरून हलक्या हाताने फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे थांबून नीट बघा. तसाच कापूस कॅमच्या खाचेतून, जिथवर पोहोचेल तिथवर, फिरवा. अ‍ॅल्युमिनियमच्या कडेला बारीकसा ओरखडा पडलेला असला तरी कापूस तिथे हमखास अडकतो. कॅमजवळची सर्व्हिंग पुन्हा पुन्हा फाटत असेल तर दोष बहुतेक वेळा अशा एखाद्या धारेचा असतो, आणि ती धार घासून काढल्याशिवाय नवी स्ट्रिंगही त्याच जागी कापली जाईल. केबल्सना बाणाच्या वाटेतून बाजूला धरणाऱ्या केबल गार्डचा रोलर किंवा स्लाइड केबलला जिथे टेकते ती जागा, आणि पुढे स्ट्रिंग स्टॉपचं रबर जिथे आपटतं ती जागा, या दोन्हीही बघा. लोक स्ट्रिंग बघतात आणि केबल विसरतात. मला केबलची काळजी जास्त वाटते, कारण ती डोळ्यांसमोर नसते.

सगळे धागे शाबूत निघाले तर वॅक्स करा. आधी जुनं काढायचं. महाराष्ट्रातल्या मैदानांवर उन्हाळ्यात जी धूळ उडते ती जुन्या वॅक्सला चिकटून काळा थर होतो, आणि ती बारीक वाळू प्रत्येक बाणागणिक धाग्यांमध्ये घासत राहते. दात साफ करायच्या फ्लॉसचा किंवा सर्व्हिंगच्या उरलेल्या दोऱ्याचा एक वेढा स्ट्रिंगला द्या, दोन्ही टोकं धरून वेढा स्ट्रिंगवरून सरकवत न्या. काळं मेण गोळा होऊन बाहेर येतं. धुण्याची गरज तिथेच संपते. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश काढायचं द्रव, यातलं काहीही लावू नका. ते सर्व्हिंगच्या खाली झिरपतं आणि आतला वॅक्स धुऊन नेतं.

मग स्ट्रिंगसाठीच मिळणारं वॅक्स थोडंसं लावा आणि बोटांनी किंवा चामड्याच्या तुकड्याने इतकं चोळा की ते कोमट होऊन आत शिरेल. वरवर दिसणाऱ्या थराचा काही उपयोग नाही. जास्त झालेलं पुन्हा त्याच दोऱ्याच्या वेढ्याने काढून टाका. मेणबत्तीचं मेण, खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, यांच्या वाटेला जाऊ नका. सर्व्हिंगवर, म्हणजे वरून गुंडाळलेल्या दोऱ्यावर, वॅक्स चोळायचं नाही. तिथे ते वेढे निसरडे करतं आणि कॅमच्या खाचेत चिकटून माती धरतं. किती दिवसांनी करायचं याचं उत्तर बोटांत आहे. स्ट्रिंग किंचित चिकट लागली पाहिजे, कोरडी आणि खरखरीत लागली की वेळ झाली. रोज शंभर बाण मारणाऱ्या मुलीला दोन-तीन आठवड्यांनी ते लागेलच.

वॅक्स कशासाठी, हेही माहीत असू द्या. कंपाऊंडच्या बहुतेक स्ट्रिंग्ज डायनिमा आणि व्हेक्ट्रन या दोन तंतूंच्या मिश्रणाच्या असतात. ४५२एक्स आणि बीसीवाय-एक्स ही नावं तुम्ही ऐकली असतील, ती अशीच मिश्रणं आहेत. डायनिमा टिकाऊ आहे, पाणी शोषत नाही, पण सततच्या ताणाखाली कायमचा लांबत जातो, आणि उष्णतेत जास्तच. व्हेक्ट्रन जवळजवळ लांबत नाही, पण घासला की लवकर झिजतो आणि ऊन त्याला सोसत नाही. एकाची उणीव दुसरा भरून काढतो म्हणून दोन्ही एकत्र वळतात. वॅक्स या धाग्यांना एकमेकांना चिकटवून ठेवतं, आपसातलं घासणं कमी करतं आणि पाणी मध्ये शिरू देत नाही. पावसात डायनिमा भिजत नसला तरी धाग्यांच्या मधल्या जागेत पाणी बसतं, स्ट्रिंग जड होते आणि बाण खाली लागतो. कोकणात किंवा कोल्हापूर-साताऱ्याकडे जून-जुलैत सराव करणाऱ्यांनी हे अनुभवलेलं असतं. भिजलेला बो सुती कापडाने पुसा, घरात पंख्याखाली टांगा, हेअर ड्रायर लावू नका. पूर्ण वाळल्यावरच वॅक्स.

उष्णतेचं तर आवर्जून सांगतो. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात तेव्हा बंद गाडीच्या आत त्याहून बरंच जास्त होतं. त्या गाडीत बो ठेवून दुपारी जेवायला गेलात, तर स्ट्रिंग वितळणार नाही (डायनिमाला त्यासाठी साधारण १५० अंश लागतात), पण ताणाखाली ती लांबेल, पीप (स्ट्रिंगमध्ये बसवलेलं, नेम धरताना ज्यातून बघतात ते छोटं भोक) फिरेल आणि दोन्ही कॅमचा मेळ बिघडेल. मग मुलगी आपला नेम का बिघडला म्हणून स्वतःच्या फॉर्ममध्ये चुका शोधत बसेल.

आता मधली सर्व्हिंग. तुमचा डी-लूप सरकतोय तो बहुधा याच फटीमुळे, म्हणून आधी सर्व्हिंग, मग लूप. दोरा बदलायला बो प्रेस लागत नाही. उलट स्ट्रिंग बोवरच्या ताणात असतानाच हे काम चांगलं होतं. लागतं काय, तर मधल्या भागासाठीचा सर्व्हिंग दोरा, दोरा ताणून गुंडाळायची सर्व्हिंग जिग, बो स्क्वेअर (स्ट्रिंगवर लावायची मोजपट्टी), एक लायटर आणि छोटी पक्कड. दोऱ्याची जाडी जुन्याइतकीच घ्या. पाकिटावर ती इंचाच्या हजाराव्या भागात लिहिलेली असते, मध्यभागासाठी ०.०२१ किंवा त्याच्या जवळपासची बरेच जण वापरतात.

काही उलगडण्याआधी मापं घ्या. बो स्क्वेअर लावून नॉकिंग पॉइंटची, म्हणजे बाण स्ट्रिंगवर बसतो त्या जागेची, उंची लिहा. पीपपासून डी-लूपच्या वरच्या गाठीपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. जुनी सर्व्हिंग कुठे सुरू होते, कुठे संपते आणि कोणत्या दिशेने गुंडाळली आहे याचे मोबाइलवर जवळून फोटो काढा. दिशा फार महत्त्वाची आहे. स्ट्रिंगला जो पीळ आहे त्याला घट्ट करणाऱ्या दिशेनेच दोरा गुंडाळायचा असतो. उलट गुंडाळला तर स्ट्रिंगचा पीळ थोडा उलगडतो, पीप फिरतो आणि सर्व्हिंग स्वतःच सैल होते.

जुना लूप काढताना ब्लेड स्ट्रिंगकडे न्यायचं नाही. लूपच्या मधोमध, स्ट्रिंगपासून दूर, कट द्या आणि गाठी बोथट सुईने सैल करा. सर्व्हिंगही शेवटाच्या बाजूने उलगडत काढा, उभी चिरून नव्हे. घरी स्ट्रिंगचे धागे कापले जातात ते बहुतेक वेळा इथेच, घाईत.

नवा दोरा सुरू करताना स्ट्रिंगचे धागे दोन सारख्या भागांत हलकेच विभागून त्यातून दोऱ्याचं टोक पार करा, दोन-तीन सेंटीमीटर टोक गुंडाळायच्या दिशेला स्ट्रिंगवर आडवं धरा आणि त्यावरूनच दहा-पंधरा वेढे घाला. टोक खाली पक्कं बसलं की उरलेलं कापा आणि पुढे गुंडाळत जा. प्रत्येक वेढा आधीच्याला खेटून बसला पाहिजे. जिगचा ताण इतका ठेवा की नखाने ढकलल्यावर वेढे हलणार नाहीत. सैल गुंडाळलेली सर्व्हिंग दोन दिवस छान दिसते आणि मग पुन्हा फट पडते. फार कडक केली तर दोरा तुटतो. एकूण लांबी दहा-बारा सेंटीमीटर पुरते, पण आपल्या जुन्या मापाला धरून चला.

शेवट करणं थोडं अवघड वाटतं. संपायच्या जागी दोऱ्याचा पंधरा-वीस सेंटीमीटरचा मोठा फासा सोडा. आता मोकळं टोक फाशाच्या आतून स्ट्रिंगभोवती नेत, दूरच्या जागेपासून झालेल्या सर्व्हिंगकडे येत, बारा-पंधरा वेढे घाला. ते टोक स्ट्रिंगवर आडवं धरा आणि फासा फिरवत राहा. फाशाकडचे वेढे टोकावर चढत जातील आणि आतले वेढे उलगडत जातील. सगळे उलगडले की टोक पक्कडीने ओढून फासा आत घ्या. दोन-तीन मिलिमीटर ठेवून टोक कापा आणि लायटर क्षणभर जवळ नेऊन त्याचा बारीक गोळा करा. ज्योत आणि स्ट्रिंग यांच्यामध्ये स्टीलचा चमचा धरा. ज्योत स्ट्रिंगला लागली तर पुन्हा दुरुस्ती नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने हे सगळं दोन खिळ्यांमध्ये ताणलेल्या जाड दोरीवर आधी करून बघावं. हात बसायला एक संध्याकाळ पुरते.

मग नॉक, म्हणजे बाणाच्या मागची खाच, बसवून बघा. बाण नॉकने स्ट्रिंगला टांगला की तो लटकून राहिला पाहिजे, आणि स्ट्रिंगवर बोटाने हलकी टिचकी मारली की सुटून खाली पडला पाहिजे. पडत नसेल तर सर्व्हिंग जाड झाली, आपोआप गळत असेल तर पातळ. सैल बसणाऱ्या नॉकचा धोका मोठा आहे. ड्रॉ करताना, म्हणजे स्ट्रिंग खेचताना, बाण निसटला आणि रिलीज (स्ट्रिंग सोडायचं हातातलं साधन) चालली, तर तो ड्राय फायरच, म्हणजे बाणाशिवाय सुटलेली स्ट्रिंग.

डी-लूपसाठी सुमारे दोन मिलिमीटर जाडीची त्यासाठीचीच दोरी घ्या. दुकानातली कुठलीही नायलॉन दोरी चालत नाही, ती निसरडी असते. साधारण बारा सेंटीमीटर कापा, दोन्ही टोकं थोडी फुलवून जाळा आणि गरम असतानाच लायटरच्या धातूवर टेकवून छत्रीसारखा पसरट गोळा करा. हा गोळाच गाठ धरून ठेवतो, त्यात कंजुषी नको. टोकाजवळ दोरी दुमडून फासा करा, फासा स्ट्रिंगच्या मागून आणा आणि गोळ्याचं टोक व लांब टोक दोन्ही त्यातून ओढून घ्या. दुसरी गाठ तशीच, पण गोळा विरुद्ध बाजूला. वरचा डावीकडे असेल तर खालचा उजवीकडे. दोन्ही एकाच बाजूला आले तर प्रत्येक ड्रॉला स्ट्रिंगला पीळ बसतो आणि पीप वाकडा दिसतो. गाठींमध्ये नॉकच्या रुंदीहून किंचित जास्त जागा सोडा, कारण पूर्ण ड्रॉमध्ये स्ट्रिंगचा कोन बारीक होतो आणि गाठी नॉकला चिमटा घेतात. मग लिहून ठेवलेल्या उंचीवर लूप आणा, पक्कड लूपच्या आत घालून उघडा आणि गाठी गच्च करा. दोन-तीनदा.

हा लूप ड्रॉमध्ये सुटला तर ड्राय फायर होतो आणि रिलीज धरलेली मूठ आपल्याच तोंडावर येते. म्हणून मुलीने पहिले काही बाण बट्रेससमोर (बाण झेलणाऱ्या गादीसमोर) अगदी जवळून, बाण लावूनच मारावेत, आणि प्रत्येक बाणानंतर गाठी बघाव्यात. रिकामा बो खेचून ‘लूप तपासणं’ पूर्ण बंद. पुढे लूप पांढरा, कडक किंवा फुललेला दिसला की लगेच बदला. दोरीचा तुकडा अगदी स्वस्त असतो.

पीपच्या वर-खाली बांधलेला दोराही बघा. तो सैल असेल तर बाण सुटताना पीप उडून डोळ्याकडे येऊ शकतो. पीप काढायला-घालायला प्रेस लागते, पण त्याचा बांध नव्याने घालता येतो. सर्व्हिंगच्या दोऱ्याने एक गाठ पुढून, एक मागून, अशा सहा-आठ गाठी वर आणि तितक्याच खाली. उंची मात्र तीच राहिली पाहिजे. पीप आणि साइट (बोवरचं नेमाचं पुढचं साधन) यांच्यातलं अंतर साधारण ८० सेंटीमीटर धरलं, तर पीप एक मिलिमीटर सरकल्यावर ५० मीटरवर बाण सहा सेंटीमीटरच्या आसपास वर-खाली जातो. कंपाऊंडच्या ८० सेंटीमीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ आठ सेंटीमीटर व्यासाचं, म्हणजे केंद्रापासून चारच सेंटीमीटर. मधोमध लागणारा बाण नवात जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ओजस देवतळेने अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला आणि त्याच दिवशी आदिती स्वामीने १४९-१४७. एका गुणावर सुवर्ण ठरतं अशा या खेळात मिलिमीटर लिहून ठेवण्याची सवय मुलीला आत्ताच लावा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडची मिश्र सांघिक स्पर्धा येते आहे, त्यामुळे तालुक्यांच्या गावांतून हे बो वाढणारच आहेत, आणि दुरुस्तीची सोय लगेच वाढेल असं दिसत नाही.

कॅमजवळची सर्व्हिंग फाटली असेल, पीप सतत फिरत असेल, दोन्ही कॅमचे स्टॉप (पूर्ण खेचल्यावर कॅम थांबवणारे खुंटे) एकाच वेळी लागत नसतील, तर ते काम घरचं नाही. तिथे टोकं सोडून पीळ वाढवावा-कमी करावा लागतो, आणि तो बदलला की ड्रॉ वेटही, म्हणजे स्ट्रिंग खेचायला लागणारं बळ, बदलतं. स्पर्धेत कंपाऊंडला ६० पाउंडांची मर्यादा आहे, तीही लक्षात ठेवावी लागते.

दीड वर्ष रोज शंभर बाण म्हणजे तुमच्या स्ट्रिंगचं बरंचसं आयुष्य झालं आहे. धागे शाबूत असतील तर या दुरुस्तीवर हा हंगाम निघेल, पण नवा सेट आत्ताच मागवा. लिंबवरच्या स्टिकरवर स्ट्रिंग आणि केबल्सची लांबी छापलेली असते, तीच द्या, जुनी स्ट्रिंग टेपने मोजून नव्हे. ती आता लांबलेली असते. स्ट्रिंग आणि केबल्स एकदमच बदला, एक जुनी एक नवी असली की दोन्ही वेगवेगळ्या वेगाने बसतात. नवा सेट बसवायला जाल तेव्हा मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर जाऊ नका. पहिल्या शंभर-दोनशे बाणांत तो बसतो, त्यानंतर पीप आणि कॅम पुन्हा एकदा तपासून घ्यावे लागतात. प्रेसवर बो चढवण्याआधी अ‍ॅक्सल ते अ‍ॅक्सल अंतर (दोन्ही कॅमच्या आसांमधलं), ब्रेस हाइट (मुठीपासून स्ट्रिंगपर्यंतचं अंतर), ड्रॉ वेट आणि कॅमवरच्या खुणांचे फोटो तुमच्या वहीत असू द्या, आणि तिथल्या माणसाला ती वही दाखवा. काढलेला जुना सेट धागे शाबूत असतील तर पिशवीत घालून, त्यावर तारीख लिहून ठेवा. बाहेरगावी स्पर्धेत नवी स्ट्रिंग कापली गेली आणि तिथे प्रेस मिळाली, तर तो सेट उरलेले बाण पुरे करून देतो.